चांदणी आवळून काही होत नाही

रीळ म्हटलं की हल्ली आधी खुलासा करावा लागतो. इन्स्टावरची रील नव्हे. दोऱ्याचं असतं तसलं, गळाच्या काठीला लावायचं रीळ. त्यातही आडवं, जुनं, वजनदार, हँडलखाली पाच पाकळ्यांची चांदणी असलेलं. नांदेड-लातूरकडे अशी रिळं सहसा कुणी दुकानातून घेतलेली नसतात, ती आलेली असतात. सौदीहून परतलेल्या मामाच्या बॅगेतून, हैदराबादच्या जुन्या बाजारातून, नाहीतर कुण्या निवृत्त इंजिनिअरच्या माळ्यावरून. काही वर्षं ती विष्णुपुरीच्या किंवा धनेगावच्या पाण्यावर इमानाने काम करतात आणि मग त्यांच्याबद्दल एकच तक्रार सुरू होते : ड्रॅग धरत नाही.

या तक्रारीवर उत्तरंही ठरलेली आहेत, दोनच. दुकानदार म्हणतो, "याचं सामान येत नाही आता, नवीन कॉम्बोच घेऊन टाका ना." मित्र म्हणतो, "थांब बे, जुगाड करू काहीतरी." माझं भांडण दोघांशीही आहे. दुकानदाराशी जरा कमी, कारण त्याला माल विकायचाय आणि तो तसं सरळ सांगतो. मित्राशी जास्त. मला दाखवायला म्हणून जी रिळं लोक घेऊन येतात, त्यातली बरीच मुळात किरकोळ बिघडलेली होती आणि जुगाडाने कायमची मेली.

ज्यांनी रीळ कधी हातात घेतलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रॅग म्हणजे ब्रेक. मासा जोरात ओढायला लागला की तंगूस तुटायच्या आत स्पूल घसरला पाहिजे, आणि घसरताना माशाला दमवण्याइतका विरोधही झाला पाहिजे. गोदावरीच्या काठावर हातदोरीने मासा काढणारा म्हातारा भोई तंगूस बोटांतून सोडत-धरत असतो तेव्हा त्याची बोटंच ड्रॅग असतात. रीळवाल्यांची सुरुवातही यापेक्षा वेगळी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत समुद्रातल्या मोठ्या माशांमागे लागणारे हौशी अमेरिकन स्पूलवर चामड्याची पट्टी अंगठ्याने दाबून धरायचे, आणि मासा पळाला की उलटं गरगरणारं हँडल त्यांची बोटं फोडायचं. विल्यम बोशेन नावाच्या एका शौकिनाने यावर डोकं लढवलं आणि ज्युलियस फॉम होफ या कारागिराने ते रीळ घडवलं. १९१३ साली बोशेनने कॅलिफोर्नियातल्या कॅटालिना बेटाजवळ अशाच रिळावर स्वोर्डफिश काढला. पुढे १९३२ साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या पेन कंपनीने चांदणीवाली रिळं सामान्य माणसाच्या हातात दिली. आपल्याकडे येणाऱ्या जुन्या आडव्या रिळांत तिची किंवा तिच्या वळणावर बनवलेली रिळं बरीच असतात.

आतली रचना एकदा उघडून बघितली की भीती जाते. हँडल ज्या नळीवर बसतं, तिच्याभोवती मुख्य गिअर मोकळा फिरतो. गिअरच्या वाटीत वॉशरची चळत असते. एक मऊ, एक धातूचा, पुन्हा मऊ, पुन्हा धातूचा. धातूच्यांपैकी काहींना बाहेरून कान असतात, ते गिअरच्या खाचेत अडकतात. काहींचं भोक गोल नसून दोन बाजूंनी सपाट असतं, ते नळीवर अडकतात. म्हणजे एक जण गिअरबरोबर फिरणार, दुसरा हँडलबरोबर थांबणार आणि मधला मऊ वॉशर दोघांत घासत राहणार. चांदणी आवळली की अख्खी चळत दाबली जाते.

आता दारात उभी असलेली स्प्लेंडर आठवा. तिच्या क्लचमध्ये हेच असतं : घर्षणाची प्लेट, पोलादी प्लेट, घर्षणाची प्लेट, पोलादी प्लेट आणि वरून स्प्रिंगचा दाब. क्लच घसरायला लागला, इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे जात नाही, तर आपण काय करतो? नांदेडच्या कुठल्याही गॅरेजवाल्या पोराला विचारा. तो हात पुसत म्हणेल, "प्लेटा गेल्या, बदलाव्या लागतील." क्लच घसरतो म्हणून स्प्लेंडर भंगारात घालणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. क्लचमध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घालणाराही सापडणार नाही. मग त्याच माणसाला, त्याच शहरात, तशाच रचनेच्या रिळापुढे आल्यावर नेमकं काय होतं?

मला वाटतं, त्याला ते खेळणं वाटतं. खेळण्याला प्लेटा नसतात, खेळणं एकतर चालतं किंवा नाही.

ड्रॅग का जातो, याला आपल्या भागात एक खास कारण आहे आणि ते कुठल्याही परदेशी व्हिडिओत सांगितलेलं नसतं. ते म्हणजे दुष्काळ. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण धनेगावला, बीड जिल्ह्यात. ते कोरडं पडलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे या वाचकांपैकी लातूरकरांना सांगायला नको, तुम्ही तेव्हा घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे असाल. धरणात पाणी नाही तिथे गळ कोण टाकणार? रिळं कपाटात गेली. जशी होती तशी गेली, म्हणजे चांदणी घट्ट आवळलेल्या अवस्थेत, आत गाळाचं पाणी वाळलेलं. चामड्याचा किंवा फेल्टचा वॉशर वर्ष-दोन वर्षं दाबाखाली राहिला की कागदासारखा चपटा होतो. उन्हाळ्यात पारा बेचाळिसच्या पुढे गेला की गिअरचं ग्रीस पातळ होऊन वॉशरमध्ये उतरतं. गोदावरीचा मऊ काळा गाळ त्यात कालवला जातो. पाऊस झाला, धरण भरलं, लोकांनी रिळं बाहेर काढली आणि पहिल्याच कटल्याने स्पूल असा पळवला की हातात नुसती काठी राहिली. दोष कंपनीचा नव्हता आणि वयाचाही नव्हता. आवळलेल्या चांदणीचा होता.

पण "ड्रॅग धरत नाही" हे वाक्यच मुळात निदान म्हणून कच्चं आहे. ताप आलाय म्हणण्यासारखं. दुकानदार आणि जुगाडवाला या दोघांनाही त्यापुढे विचारायची सवय नसते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

रीळ न उघडता सगळ्यात आधी मार्करने एक रेघ मारा, तंगुसाच्या गुंडाळीवरून स्पूलच्या कडेपर्यंत. मग तंगूस जोरात ओढा. गुंडाळी सरकली आणि स्पूलवरची रेघ जागच्या जागी राहिली, तर ड्रॅग निर्दोष आहे. वेणीचा दोरा, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात, गुळगुळीत स्पूलवर थेट गुंडाळला की सगळी गुंडाळी बांगडीसारखी फिरते. खाली साध्या नायलॉन तंगुसाचे काही वेढे घ्या, काम संपलं. या एका गोष्टीसाठी चांगली रिळं भंगारात गेलेली मी पाहिली आहेत.

दुसरं, तंगूस ओढताना हँडलकडे बघा. हँडल उलटं फिरत असेल तर वॉशरचा काही संबंध नाही. गिअरखाली रॅचेट असतं, त्याच्या दातात अडकणारी एक छोटी खिट्टी असते आणि तिच्यामागे केसाएवढी स्प्रिंग. ती स्प्रिंग मोडली आहे किंवा खिट्टी वाळलेल्या ग्रीसमध्ये चिकटली आहे. टकटक आवाज करत झटके बसत असतील तर छोटा गिअर मोठ्यात नीट बसत नाही. तो वेगळा आजार, त्याचं औषध वेगळं.

हे दोन्ही नसेल, तर चांदणी हळूहळू आवळत जा आणि बोटांनी ऐका. हो, बोटांनीच. चांदणी फिरत फिरत एकदम खटकन थांबली, जणू भिंतीला टेकली, आणि तरी स्पूल सहज फिरतोय, याचा अर्थ वॉशर झिजून चळतीची उंची कमी झाली आहे. चांदणी चळतीला दाबायच्या आधीच आटे संपले. याउलट चांदणी नीट घट्ट होत गेली, दाब बसतोय हे कळलं आणि तरीही स्पूल घसरतोय, तर वॉशर तेलकट किंवा काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत. पहिल्यात जाडी हवी, दुसऱ्यात स्वच्छता किंवा नवं साहित्य हवं. दोन्हीत पकडीने चांदणी आणखी आवळून काहीही मिळत नाही. फक्त पाकळ्या तुटतात किंवा नळीचे आटे जातात. आटे गेले की मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं होतं, ते सामान सहज मिळत नाही. म्हणजे सुटण्यासारखा आजार आपणच असाध्य केला.

इथे मला लातूरकर वाचकांशी थोडं वाकड्यात शिरायचं आहे.

राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांपासून ज्याचा बोलबाला झाला त्या 'लातूर पॅटर्न'च्या शहरात आणि आता तेवढ्याच क्लासेसच्या नांदेडमध्ये, हजारो मुलं दरवर्षी घर्षणाचा धडा घोकतात. घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले लंबबल. संपर्काच्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसतं. स्थितिक घर्षण गतिकपेक्षा जास्त असतं. मी स्वतः लातूरला शिकलो, तेव्हा यात कुणाला कमी लेखत नाही. पण ड्रॅग हा तो धडाच आहे, शब्दशः. चांदणी म्हणजे लंबबल. वॉशरचं साहित्य म्हणजे घर्षणांक. तेल सांडलं की घर्षणांक पडतो आणि मग लंबबल कितीही वाढवा, त्याला आट्यांची मर्यादा आहे. तीन मऊ वॉशर असतील तर तीन ठिकाणी घर्षण मिळतं, म्हणून चळत. मोठा वॉशर घर्षण क्षेत्रफळामुळे वाढवत नाही, उष्णता वाटून घेतो आणि त्रिज्या वाढवतो. नीटला बसलेल्या पोराला हे सगळं येतं. त्याच पोराच्या हातात रीळ द्या, तो चांदणी पकडीने आवळतो.

आणि त्या धड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तर कुणाच्याच लक्षात नसतं. तंगूस तुटतो तो बहुतेक वेळा पळत्या माशामुळे नाही, पळायला लागण्याच्या क्षणी. स्थितिक आणि गतिक घर्षणात अंतर जास्त असेल तर वॉशर आधी चिकटून बसतो, मग एकदम सुटतो, आणि त्या हिसक्यात तंगूस जातो. चांगला ड्रॅग म्हणजे जास्तीत जास्त धरणारा ड्रॅग हा गैरसमज इथे मोडतो. चांगला ड्रॅग सुरुवातीला आणि नंतर सारखाच ओढतो. आता सायकलच्या ट्यूबचा जुगाड या कसोटीवर लावून बघा. रबर थांबलेलं असताना भलतंच घट्ट धरतं, सुटलं की तापतं, तापलं की फाटतं. घरी हाताने ओढून बघणारा खूश होतो, "बघ कसा टाइट झाला!" पाण्यावर मरळ लागली की पहिल्या हिसक्यात तुटतं. मासा गळ तोंडात घेऊन जातो, मागे लांबलचक नायलॉन ओढत. ते नायलॉन झुडपात अडकतं, बगळ्याच्या पायात अडकतं, वर्षानुवर्षं कुजत नाही. तेव्हा हा प्रकार आपल्या हौसेपुरता नाही.

खोबरेल तेलाचंही तसंच. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे पारा कुठे असतो हे घरातल्या बाटलीला विचारा. सकाळी ड्रॅग गोठलेला, दुपारी पाण्यासारखा. शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे, ट्रॅक्टरचं ग्रीस, डिझेल... हे सगळं मी रिळांच्या पोटातून पुसून काढलेलं आहे. एकात तर सँडपेपरच गोल कापून वॉशर म्हणून घातला होता. त्याने पितळी गिअरची वाटी चाळणीसारखी खरवडून टाकली. ज्याने घातला तो अभिमानाने सांगत होता की आठ दिवस मस्त चाललं.

एखादा हुशार गॅरेजवाला म्हणेल, स्प्लेंडरचा क्लच तर ऑइलमध्येच बुडालेला असतो, मग रिळाला तेल का चालत नाही? प्रश्न चांगला आहे आणि उत्तर त्याच्याच फळीवर आहे. बाईकच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' असं छापलेलं असतं. ते ऑइल ओल्या क्लचसाठी तपासलेलं असतं. कारचं घसरडं ऑइल बाईकमध्ये ओतलं की क्लच घसरतो, म्हणून तो स्वतःच गिऱ्हाइकाला ओरडतो. तेल हवं की नको हा मुद्दा नाहीच. कुठलं, कशावर आणि किती, हे तीन प्रश्न आहेत. कार्बन फायबरच्या वॉशरला टेफ्लॉनच्या ड्रॅग ग्रीसचा अगदी पातळ थर चालतो, त्याने सुरुवातीचा हिसका कमी होतो. जुन्या चामडी वॉशरला जनावरांच्या खुर-नळ्यांपासून काढलेलं नीट्सफूट तेल देण्याची रीत होती. फायबरचे जुने करडे वॉशर चकाकायला लागले तर सरळ बदला, कोरडा सँडपेपर मारून त्यांची धूळ उडवू नका, ती छातीत जाते.

जुगाडाला आपण गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय सद्गुण करून टाकलंय. २०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं, मग व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून, व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमधून हा शब्द छाती फुगवून फिरू लागला. मुळात उत्तरेत जुगाड हे एका गाडीचं नाव. शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन लाकडी गाड्यावर बसवायचं, की झाली गाडी. त्या गाडीच्या ब्रेकबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही, आणि आपला विषय ब्रेकचा आहे.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, "जुगाड हे गरिबाचं शहाणपण आहे, तुम्ही हौशी लोक नाकं मुरडता." हे मला मुळीच मान्य नाही. ज्याचं पोट हत्यारावर आहे तो हत्याराशी जुगाड करत नाही. भोयाकडे जाऊन जाळं दुरुस्त होताना बघा. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. प्रत्येक आस सारखा यावा म्हणून विणणारा बोटांत एक पट्टी धरतो आणि प्रत्येक गाठ त्या मापावर बसवतो. फाटलेली जागा विणून झाली की ती कुठे होती ते सापडत नाही. यात गरिबी आहे, काटकसर आहे, जुगाड मात्र कुठेच नाही. पट्टीचं माप धरणं आणि 'चालतंय की' म्हणणं, या दोन वेगळ्या संस्कृती आहेत. दुसरीला पहिलीचं पुण्य चिकटवू नका.

म्हणूनच माझा आक्षेप साहित्यावर नाही, मापावर आहे. चपला शिवणाऱ्या कारागिराकडून बाभळीच्या सालीत किंवा हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा तुकडा घ्या, मूळ वॉशरची जाडी, बाहेरचा व्यास आणि भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा, गॅस्केट कापायच्या पंचाने कापा, योग्य तेल द्या. ही दुरुस्ती झाली. चामडं हे रिळाचं मूळ साहित्यच होतं. तोच तुकडा कात्रीने अंदाजे कापून कोंबला तर तो जुगाड. व्हर्नियर कुठून आणायचा? आयटीआयमध्ये फिटरला शिकणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो पहिल्या वर्षीच ते हातात घेतो. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे एमआयडीसीत लेथवाले आहेत, ज्यांचा दिवस मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जातो. माणसं आहेत, हत्यारं आहेत. आपण रीळ त्यांच्याकडे नेत नाही आणि मग म्हणतो की इथे काही होत नाही, सगळं पुण्याला.

धातूच्या वॉशरलाही विसरू नका, लोक मऊ बदलतात आणि ते तसेच ठेवतात. आरशाच्या तुकड्यावर ठेवून डुलतो का बघा. डुलला तर वाकलाय. गंज असेल तर काचेवर ६०० नंबरचा ओला सँडपेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, मग १००० नंबरचा. भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा. आणि उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा. खिशात पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या पिढीने "कुठला वॉशर वर होता ते विसरलो" म्हणू नये. चळतीत बशीसारखे बाक असलेले वॉशर असतील तर त्यांची तोंडं कुठल्या दिशेला होती हे त्या फोटोतच दिसतं. ते उलटे बसले तर नवे वॉशर घालूनही ड्रॅग सैल राहतो, आणि मग पुन्हा "रीळच खराब आहे" सुरू होतं.

दुकानदाराच्या बाजूने एक गणित मांडलं जातं, त्याकडे वळतो. हजार-दीड हजारात काठीसकट नवा कॉम्बो येतो, कशाला एवढी खटपट? हे गणित पहिल्या वर्षी बरोबर असतं. त्या कॉम्बोमधलं रीळही ड्रॅगवरच चालतं. त्याच्या आतही वॉशर आहेत, बहुतेक वेळा फेल्टचे, आणि तेही कपाटात आवळून ठेवले तर दबणारच आहेत. फरक इतकाच की त्याचं अंग प्लॅस्टिकचं आहे आणि त्याचे वॉशर वेगळे विकायला कुणी ठेवत नाही. म्हणजे आजार तोच, फक्त या वेळी उपचाराची सोय काढून घेतलेली. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं असे चार विभाग घेतले. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे दहापैकी गुण छापावे लागतात. गळाच्या रिळासाठी कुणी कायदा करणार नाही, करावा असंही माझं म्हणणं नाही. पण कंपन्यांनी हक्क द्यावा म्हणून पोस्टी शेअर करणाऱ्यांनी चार स्क्रू काढता येतील अशी जी वस्तू आधीच आपल्या हातात आहे, ती तरी उघडावी.

आता ड्रॅग नीट झाला असं धरू. किती आवळायचा, हा शेवटचा घोळ. "हाताने ओढून बघ, टाइट वाटला पाहिजे" हे मोजमाप नव्हे. प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, तंगूस त्याला बांधा, काठी उभी धरून ओढा आणि स्पूल सुटतो तेव्हाचा आकडा वाचा. तंगुसाच्या ताकदीच्या पाव हिस्सा ते फार तर तीस टक्के एवढाच तो असावा. दहा किलोचा तंगूस असेल तर अडीच ते तीन किलो. हे ऐकून लोक हसतात, "दहाचा तंगूस आणि तीनच किलो?" हसण्याआधी पुन्हा अकरावीच्या पुस्तकात जा. ड्रॅग जे देतो ते आघूर्ण आहे, तंगुसावरचा ताण म्हणजे आघूर्ण भागिले त्रिज्या. स्पूल भरलेला असताना तीन किलोवर लावलेला ड्रॅग, मासा तंगूस पळवत गुंडाळीची त्रिज्या निम्मी झाली की सहा किलोवर जातो. चांदणीला हात न लावता. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या तंगुसाचा विरोध, काठीच्या कड्यांवरचं घर्षण, कुठे तरी पडलेली गाठ. उरलेले सात किलो तिथे लागतात. मासा लांब गेला की घाबरून चांदणी आवळणारे नेमके त्याच क्षणी तंगूस तोडतात. त्या वेळी खरं तर थोडी सैल करायची असते, आणि गरज पडली तर अंगठा आहेच, १९१३ च्या आधीही होता.

घरी आल्यावर रीळ वाहत्या नळाखाली जोरात धरू नका, पाण्याच्या माऱ्याने गाळ आत जातो. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, आणि चांदणी पूर्ण सैल करून मगच कपाटात ठेवा. यंदा धरण भरलंय की पुढची दोन वर्षं कोरडी जाणार, हे आपल्याकडे कुणालाच सांगता येत नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी काउंटरवर चकचकीत कॉम्बो ठेवून "जुनं सोडा हो" म्हणालं, तर तिथेच त्याला विचारा : याचे ड्रॅग वॉशर वेगळे मिळतील का, कशाचे आहेत आणि त्यांची जाडी किती? उत्तर आलं तर जरूर घ्या, असा दुकानदार जपून ठेवण्यासारखा असतो. उत्तर न येता नुसता डिस्काउंट आला, तर पैसे खिशात ठेवून मोबाइलवर आधी पंच आणि व्हर्नियर कोण देईल ते शोधा.